चार महिने खुळखुळा

वरचे तीन दात, ऐन समोरचे.
एक घोडा बिथरला तेव्हा गेला, पाटणसावंगीच्या वरातीत.
दोन खर्‍यानं खाल्ले.
मी खर्रा खातो असं सगळे म्हणायचे;
हिशेब उलटा होता.

मेडिकल चौकाजवळ दाताचं सरकारी कॉलेज.
फॉर्मवर धंद्यापुढं बाईनं 'मजुरी' लिहिलं,
मी खोडून 'क्लॅरिनेट' लिहायला सांगितलं,
तिनं स्पेलिंग विचारलं, मी म्हटलं, राहू द्या.

आत डॉक्टर पोरगी, यशोधराच्याच वयाची.
माझ्या तोंडाचा पांढरा साचा टेबलावर ठेवला.
एवढंसं तोंड!
अडतीस वर्षांच्या वराती यातूनच निघाल्या,
सदर, इतवारी, पार कामठीपर्यंत.
"काका, तीन रस्ते आहेत."

पहिला, कवळी.
रात्री वाटीत, सकाळी तोंडात. स्वस्त.
"वरचा सा लांबवला तर हलंल का?"
"सा म्हणजे?" तिनं विचारलं.
मला बारसागडे आठवला, आमचा ट्रंपेटवाला.
हिंगण्यात ऐन अंतर्‍यात त्याची कवळी बाहेर आली,
त्यानं ती खिशात टाकली
आणि उरलेलं गाणं हिरड्यांवर काढलं.
लोकांनी त्यालाच जास्त पैसे उधळले,
पण घरी जाताना ऑटोत तो कोणाशी बोलला नाही.

दुसरा, ब्रिज.
पंधरा दिवसांत काम फत्ते. पक्का बसतो.
फक्त शेजारचे दोन घासून बारीक करायचे,
वरून टोप्या घालायला.
"ते किडले का?"
"नाही, चांगले आहेत."
"मंग त्यांनी काय केलं?"
ती हसली. मी हसत नव्हतो.
सुखदेव ढोलवाला असाच.
जोडीदार पिऊन पडला की दोन ढोल एकटा वाहायचा,
कारण याचे खांदे चांगले.
आता त्याला सदर्‍याची बाही चढवायला बायको लागते.

तिसरा, इम्प्लांट.
हाडात दोन स्क्रू, त्यांच्यावर तीन दात.
हाड पुरतं का ते आधी फोटोत पाहायचं.
पुरलं तर चार महिने त्याला स्क्रू धरू द्यायचा,
तोवर फुंकायचं नाही.
खर्रा तर मरेस्तोवर नाही.
आकडा तिनं कागदावर लिहिला, तोंडानं सांगितला नाही.
चांगली पोरगी.

घरी सभा भरली.
सुमन म्हणे, "कवळी घ्या न बाप्पा.
माझी माय वीस वर्षं कवळीवर हिंडली.
एकदाच हरवली, तेही वांग्याच्या भाजीत सापडली."
यशोधरा बुटीबोरीहून फोनवर,
"बाबा, स्कूटीचे हप्ते संपले. यंदा तुमचे दात."
पोरीच्या पैशानं चावायचं
हा विचार दोन दिवस दाढेखाली आला,
खड्यासारखा.

तिसर्‍या दिवशी पेटी उघडली.
काळ्या तोंडपट्टीवर माझ्या दातांची खूण होती,
दोन खोलगट जागा, झिजून झिजून.
अंगठा फिरवला.
तिथं कोणी परत यायला पाहिजे,
रात्री वाटीत झोपणारं नाही.

हाड पुरलं. काठावर पास.

आता वैशाख. रात्री दहाला डांबर अजून गरम.
मी शेवटच्या रांगेत खुळखुळा घेऊन,
तोंड मिटून, जनरेटरच्या गाडीपुढं.
पुढं माझ्या जागी बंटी रामटेके.
पोरगा हाताचा चांगला, श्वासाचा कंजूष.
अडतीस वर्षांत मला माहीत नव्हतं
की मागून वरात अशी ऐकू येते,
नुसता ढोल, आणि दूर कोणीतरी शिट्टी मारून राहिलं.
बारसागडे मागं वळून डोळा मारतो.
मी खुळखुळा वर करतो.

जीभ सारखी तिकडं जाते.
हिरडीत स्क्रू गप पडून आहे,
हाड त्याला धरून राहिलं म्हणे.
कळत काही नाही.

घरी आलो की कूलरपुढं बसतो,
क्लॅरिनेट ओठाला न लावता
नुसती बोटं चालवतो किल्ल्यांवर.
खटखट, खटखट, कूलरच्या पंपात ती पण बुडते.
सुमन कणीक मळता मळता बघते जराशी,
आणि म्हणते, "अंतरा चुकला."