सहा पाकळ्यांचा स्क्रू

माझा पीसी मी तुकड्यातुकड्यांनी जमवला.
कॅबिनेट शाहूपुरीतल्या बंद पडलेल्या नेट कॅफेतनं,
रॅम मित्राच्या मेव्हण्याकडनं,
ग्राफिक कार्ड पुण्याहून, ट्रॅव्हल्सच्या डिकीत,
दोन बेडशीटांत गुंडाळून, कुणाच्या तरी लोणच्याच्या बरणीशेजारी.
पहाटे साडेचारला सीबीएसवर जाऊन मी ते उतरवून घेतलं.

बाहुबली चौगुलेनं कन्सोल घेतला. हप्त्यावर.
खोका फोडला, वायर खुपसली, टीव्हीसमोर मांडी घातली.
त्याचा पहिला गोल झाला
तेव्हा मी अजून ड्रायव्हर शोधत होतो.

वाद तिथनं सुरू.
गंगावेशीत दुधाचा ग्लास रिकामा करून,
ओठांवर पांढरी मिशी तशीच ठेवून तो म्हणायचा,
"भावा, निम्मं आयुष्य सेटिंगमध्ये गेलं की तुझं."
मी म्हणायचो, तुझं मेसचं ताट आहे, वाढलंय ते खा.
मी पाण्यावरची चमक कमी करतो, सावल्या लांबवतो,
परदेशातल्या ट्रकच्या पाटीवर एमएच ०९ लिहितो.
"लिही. पण खेळतोस कवा?"

सेलमध्ये स्वस्त मिळाले म्हणून एकसष्ट गेम घेतलेत मी,
उघडलेत चार.
त्याची एकेक डिस्क महाग,
पण कंटाळा आला की राजारामपुरीत विकून
तो दुसरी आणतो, वर मिसळ खातो.

एक गोष्ट मात्र मी वादात कधी काढली नाही.
रात्री हेडफोन लावून मी ज्याच्याशी खेळतो
त्याचं नाव मला माहीत नाही, फक्त त्याचा खोकला ओळखतो.
आणि बाहुबलीच्या सतरंजीवर
दोन कंट्रोलर, मधे शेंगदाण्याची पुडी,
त्याचं कोपर माझ्या बरगडीत,
हरायला लागला की पाय लांब करून टीव्ही झाकायचा.
असली चीटिंग माझ्या मशीनवर इन्स्टॉल होत नाही.

मे महिन्यात त्याचा डबा घरघरायला लागला,
मग तापून आपोआप बंद.
खालचा स्क्रू सहा पाकळ्यांचा, मधोमध टाचणीएवढा खुंटा,
म्हणजे कंपनीचं म्हणणं, हे तुमचं काम नाही.

माझे वडील उद्यमनगरात लेथवर, एकतीस वर्षं.
चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी स्क्रू डोळ्याजवळ धरला.
"कुणाला भिऊन बंद केलंय ह्ये?"
दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
एका जुन्या पान्याचं टोक घासलं,
टोकात भोक पाडलं, आणि घरी येताना
डब्यातल्या उरलेल्या भाकरीबरोबर घेऊन आले.

उघडला.
आत पंखा. पंख्यावर धूळ. एक वाळलेलं झुरळ.
मी माझंही कॅबिनेट उघडून शेजारी ठेवलं.
पंखा, धूळ.
झुरळ नाही, एवढाच माझा विजय.
फुंकर मारली तर जिभेवर आली ती चव
दोन्हीकडं एकच, लोखंडाच्या किसाची,
वडिलांच्या शर्टातनं घरात येते ती.

"चालतोय का बघा, काका,"
म्हणत बाहुबलीनं कंट्रोलर त्यांच्याच हातात दिला.
माझ्या कीबोर्डला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं,
टेबल पुसायचं असलं तरी मला हाक मारायचे.
हे मात्र धरलं, दोन्ही मुठींत,
अंगठा इतका रुंद की दोन बटणं एकदम दबली.
गाडी वळणावर सरळ गेली, कठडा तोडून समुद्रात.
"ब्रेक कुटाय?"
आम्ही दोघं एकदम सांगायला गेलो
आणि दोघांनी वेगवेगळं बटण सांगितलं.
तोवर ते पुन्हा रस्त्यावर,
जीभ दातांत, खांदे गाडीबरोबर डावीकडं कललेले.

आईनं तिसऱ्यांदा ताट वाढलं.
माझ्या एकशे चव्वेचाळीस फ्रेम
त्या रात्री कुणी विचारल्याच नाहीत.

तो पाना त्यांच्या पेटीत असतो,
दांड्यावर चिकटपट्टी, पट्टीवर पेनानं: गेम.
पोरं मागून नेतात.
परत आणून दिला की ते आधी टोक तपासतात,
मग सहज विचारल्यासारखं विचारतात,
"बाहुबली हाय का घरात?"