खो

रुवीत पहाटेची अजान होते
तेव्हा मी जागीच असते.
पूर्वीही असायचे,
पण तेव्हा बुटांच्या नाड्या बांधत असायचे.

मत्राहच्या मागच्या डोंगरावरून, रियामच्या वाटेनं,
ऊन तापायच्या आत माथ्यावर.
बंदरातली जहाजं मोजायची,
एक खजूर तोंडात टाकायचा, बी दाताखाली धरूनच उतरायचं,
सातच्या घंटेला शिट्टी गळ्यात.
अकरा वर्षं. एकही दिवस मला हे काही विशेष वाटलं नाही.

आता पाचवा मणका.
म्हणजे डॉक्टर म्हणतात, पाचवा.
मला विचाराल तर ते एका जागी राहत नाही.
कमरेतून उठतं, मांडीच्या मागे येतं,
तिथे दबा धरून बसलेल्याच्या पाठीवर थाप मारतं : खो!
की तो सुटला पोटरीत.
पोटरीचा टाचेला खो.
एकदा दिशा घेतली की माघारी फिरत नाही,
मधली रेषा ओलांडून उजव्या पायात गेला नाही कधी.
मी शिकवलेल्या एकाही पोरीनं
इतके चोख नियम पाळले नव्हते.

नवऱ्याचं नाव विश्राम.
डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, तेही तेच.
त्या दिवशी गाडीत आम्ही दोघं हसलो,
मला तर हसताना कळ आली.
नंतर मी त्याला नुसतं 'अरे' म्हणू लागले.

शाळेनं काढलं नाही, हे खरं.
ग्रंथालयात बसवलं, खुर्चीला उशी दिली.
खिडकीतून मैदान दिसतं.
पडदा ओढत नाही मी;
ओढला तर नुसती शिट्टी ऐकू येते,
आणि नुसती ऐकली की जास्त लागते.

चिपळूणहून मावशी फोनवर बघते मला :
दिसतेस तर छान, भरलीस जरा.
काय दाखवू तिला?
सूज नाही, जखम नाही,
प्लास्टरही नाही, मुलांनी सह्या करायला.

शेजारची उम्म सैफ लोबानाचं पाणी आणून देते.
मी घाईनं उठायला गेले की तळवा खाली दाबते हवेत,
शुवय, शुवय.
माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी आहे,
आणि झरझर जिना उतरून जाते.

ऑगस्टात एका रात्री बूट कचऱ्यात टाकले.
धुतलेले, लाल मातीचा कण नसलेले.
रागानं टाकले म्हणावं तर
नाड्या नीट गुंडाळून आत ठेवल्या होत्या.

काल मधल्या सुट्टीत अल्फिया आली, सातवी ब.
मॅडम, खांबाला वळताना माझा पाय सरकतो.
मी टेबलावर आठ खोडरबर मांडले,
एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे,
दोन पेन्सिली उभ्या धरायला लावल्या तिला.
बोटांनी पळाले.
बघ, खांब हातानं नाही पकडायचा,
आधी खांद्यानं विचारायचं त्याला.
हे मी कधी शिकवलं नव्हतं कुणाला.
पळत होते तेव्हा सांगायला सुचलंच नव्हतं.
घंटा झाली. ती पळाली.
उठताना टेबल धरून उभी राहिले बराच वेळ,
खोडरबर तसेच, पाठ वाकवून बसलेले.

रात्री जिन्यात पावलं वाजतात.
आमचा वॉचमन रफीकुल, सिल्हेटचा,
वरच्या मजल्यांना पाण्याच्या बाटल्या पोचवतो.
चण लहान त्याची, सहा नंबर बरोबर बसतो त्याला.
डावी टाच किंचित घासत यायची माझी,
बुटाला सवय राहिली आहे,
आवाजावरून ओळखते.

पहिल्या रात्री दार उघडून काहीतरी बोलणार होते.
आता अंधारात पडून
पायऱ्या मोजते.
तिसऱ्या मजल्यावर तो दम घ्यायला थांबतो.
मीसुद्धा.