पोपटी रेघ

जळगाव एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत
चटयांचा कारखाना. चोवीस माग.
दाराशी एक काळा फळा,
माझ्या आधीच्या इन्चार्जनं टांगलेला.
त्यावर नाव, ज्याच्या मागावर माल बिघडला त्याचं.
दुसरं नाव येईपर्यंत पुसायचं नाही, असा नियम.
तोवर माणूस त्याच दारानं आत जायचा, बाहेर यायचा,
डबा छातीशी धरून.

मीही लिहिली नावं. दीड वर्ष.
माझं अक्षर चांगलं आहे,
शाळेत सुविचार मीच लिहायचो.

हेड ऑफिसनं एक पोस्टर पाठवलं होतं,
गरुड, डोंगर, आणि जिद्दीवर चार ओळी.
मे महिन्यात पत्रा तापला,
गोंद वितळून गरुड थेट
अकरा नंबरच्या मागावर उतरला.
रमजान तडवी म्हणाला,
साहेब, याला पण पाणी पाजा.

त्याच आठवड्यात, तिसऱ्या पाळीत, पहाटे तीनला
निळ्या चटईत पोपटी रेघ.
एका नाही, साठ नगांत,
कडेपासून चार बोटं आत,
पट्टी ठेवून ओढावी तशी सरळ.
मागावर हितेंद्र फेगडे, लागून सतरा दिवस.
त्यानं माग बंद केला,
हात पँटला पुसले,
पुसतच राहिला.

मी खडू घेतला. 'हि' लिहिलं.
तेवढ्यात मागून चावदस सपकाळेंचा हात आला.
वय अठ्ठावन्न, फिटर,
बोलणं कमी, तंबाखू जास्त.
माझ्या बोटांतून खडू काढून
त्या 'हि'च्या शेजारी लिहिलं, चावदस.
म्हणाले, बॉबिन मीच लायेल व्हती. चूक मनी शे.

लावली नव्हती.
ते तेव्हा कम्प्रेसरखाली आडवे होते,
मी पाहिलं होतं.

कुणी काही बोललं नाही.
उरलेले तेवीस माग आपलं आपलं बोलत होते.
आणि मला आठवलं,
पाळी सुरू होताना बॉबिनी तपासल्याची सही
माझी असते.
सही मी केली होती. बॉबिनी बघितल्या नव्हत्या.
फोनवर होतो, मेहुण्याशी,
प्लॉटच्या हद्दीवरून भांडत.

खडू उरला होता नखाएवढा.
तेवढ्यात माझं नाव बसलं.
अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलं.

सकाळी मॅनेजर फळ्यापुढे थांबले.
'हिचावदस' मोठ्यानं वाचलं, खाली माझं वाचलं.
हे काय आहे?
म्हटलं, सर, आधी चहा घ्या.
पैसे कापले, माझेच. ठीक आहे.

फार काही बदललं असं नाही.
पगारवाढ अजून कागदावर आहे.
पंखे मागितले सहा, आले दोन.
प्रमोद सुरतेला गेला तो गेलाच.
गुरुवारी रात्री, आठवडा सरता सरत नसताना
मलाही वाटतं, गाडीला किक मारावी आणि
पाळधीच्या पुढे कुठेतरी निघून जावं.

पण फळ्यावर त्यानंतर नाव आलं नाही.
एकदा दिसलं, 'सात नंबर कुरकुरतो, कुणीतरी ऐका.'
दुसऱ्या दिवशी खाली, वेगळ्या अक्षरात,
'ऐकलं. पट्टा सैल होता.'
मग, 'कम्प्रेसरपाशी तेल सांडलंय, बेतानं.'
थंडीत एक वांगं, देठासकट काढलेलं,
आणि 'शुक्रवारी भाकरी ज्यानं त्यानं आणा, कळण्याची.'
खडू संपला की कोण आणून ठेवतं
मी विचारलेलं नाही.

हितेंद्र आता नव्या पोरांना शिकवतो.
काल ऐकलं, कुणाला तरी सांगत होता,
आधी रंग बघ. आणि चुकलं
तर माग बंद कर, तोंड बंद करू नको.

त्या साठ चटया कुणी घेतल्या नाहीत.
दोन आम्ही शेडमागे अंथरल्या, जेवायला.
सगळे बसतात कुठेही.
चावदस मात्र डबा घेऊन उभे राहतात,
ज्याचा गुडघा त्या पोपटी रेघेवर असेल
त्याला पायानं हळूच ढोसतात,
सरक ना भो, हाई रेघ मनी शे.