हातचे दोन

रुस्तावीत, पोलाद कारखान्याच्या मागं,
तळघरात आमची व्यायामशाळा.
तबकड्या तिथल्याच भट्टीत ओतलेल्या,
एकीवरचाही आकडा खरा नाही.
वीसची साडेएकोणीस भरते.
दहाची एक आहे, तिला सगळे खोटारडी म्हणतात.

मी वहीत आठवडा आखून नेला.
सात चौकोन, सातही भरलेले.
सोमवारी बैठका, मंगळवारी छाती,
बुधवारी पाठ, गुरुवारी परत बैठका
(मांड्या माझ्या लाडक्या),
शुक्रवारी खांदे, शनिवारी राहिलंसाहिलं,
रविवारी थोडंसं, अंग मोकळं करायला.

जुंबेरनं चष्मा कपाळावर सरकवला.
तीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस,
आधी दोर बघतो, मग ओझं.
म्हणाला, "नानुली, रात्रीत रोट्या किती लावतेस?"
"तीनशे. सणाला चारशे."
"वाकून?"
"कमरेपर्यंत भट्टीत. आतल्या भिंतीला थापायची,
तर दुसरं कसं?"
त्यानं कानामागची पेन्सिल काढली
आणि माझ्या सात चौकोनांखाली लिहिलं:
तीनशे वेळा वाकणे.
"हे कुठं धरलंस?"

मी म्हटलं, ते काम आहे.
"पाठीला पगारपत्रक वाचता येत नाही," म्हणाला,
आणि खोडत सुटला.

सोमवारी जमिनीवरून उचलायचं,
कारण रविवारी रात्री भट्टी थंड.
बुधवारी छाती, खांदे, बसून ओढायचं काही,
कमरेला हात लावायचा नाही.
शुक्रवारी बैठका, मोजक्या.
दहा जमत असतील तर आठवर थांबायचं,
दोन हातचे राखायचे.
चौथा आठवडा निम्म्या वजनाचा.
बाकी चौकोनांत त्यानं काहीच लिहिलं नाही.
घरी वही उघडली की ते
टक्कल पडल्यासारखे दिसायचे.

ऐकलं का मी? छे.
मंगळवारी, गुरुवारी जुंबेर यायचा नाही.
मी जायची.
आणि खोटं कशाला बोलू, पाच आठवडे
वजन चढतच गेलं.

सहाव्यात झोप तुटायला लागली.
सकाळी अंथरुणातच नाडी चौऱ्याहत्तर,
एरवी बासष्ट.
बहिणीकडे चटणीच्या बरणीचं झाकण फिरेना.
उघडून दिलं सात वर्षांच्या ग्वान्त्सानं,
आणि ती हसली नाही,
तेच जास्त लागलं.

सोमवारी ऐंशी किलो,
महिन्यापूर्वी सलग पाचदा उचललेले,
गुडघ्यापाशी येऊन थांबले,
ओळखच नसल्यासारखे.
जुंबेर बघत होता. एक शब्द नाही.
उठला, तबकड्या काढून
एकेक जागेवर लावल्या त्यानं,
आणि दिवा मालवायला गेला.

त्या रात्री पीठ मळून
ओल्या फडक्याखाली झाकलं, रोजच्यासारखं.
नवा पोऱ्या त्सोत्ने
फडकं उचलून बोट खुपसायला गेला,
तशी मी त्याच्या हातावर चापट दिली.
"अरे, राहू दे की त्याला जरा!"

आणि फडक्याचं टोक धरून
तशीच उभी राहिले.
एकवीस वर्षं बोलतेय हे वाक्य.
पिठाशी.

आता मंगळवारी नदीवर जाते,
एका पुलावरून दुसऱ्यापर्यंत, पिशवी न घेता.
गुरुवारी काहीच नाही.
गुरुवार अजून जड जातो, लपवत नाही.
शुक्रवारी आठवी बैठक झाली की
नववी अंगात असते, दहावीही,
मला दोघी स्पष्ट कळतात.
बार ठेवून देते.
शाळेत बेरजेचा हातचा
पुढच्या घरात मिळवायचो, तसंच हे.
सोमवारी कामाला येतात दोघी.

चौथ्या आठवड्यात मी खोटारडीच लावते.
म्हणवते दहाची, भरते नऊवर थोडी.
आम्हा दोघींना चालतं.