तूक

उद्यमबागेत, तिसऱ्या फाउंड्रीच्या मागं,
वजनकाट्याची केबिन: एक खिडकी, एक टेबलफॅन,
कीबोर्डवर काळी वाळू.
बटण दाबलं की आधी करकर वाजतं,
अक्षर नंतर उमटतं.

काटा वाचणारा प्रोग्रॅम ईराप्पा होसमनींचा,
सी मधला, सत्त्याण्णव सालचा.
बिलं, जीएसटी, मालकांच्या मोबाइलवर जाणारा मेसेज
हे माझं, पायथनमध्ये.
मुतगेकर मालक म्हणाले, 'पौर्णिमा, जुनं मोडू नको.
त्यानं आजवर एक किलो खोटं सांगितलं नाही.
तुझं त्याला जोड.'

जोड म्हणजे काय, ते त्यांना ओतकामातलं ठाऊक.
दोन धातू, दोन ताप.
एक थिजतो तेव्हा
दुसरा अजून वाहत असतो.

होसमनींच्या फंक्शनचं नाव 'तूक'.
कानडीतलं वजन.
माझी आत्याही भाजीवालीला म्हणायची, नीट तुकून दे गं.
म्हणून वाटलं, ही भाषा मला येते.
पुढं एका पॉइंटरचं नाव 'मग'.
मी वाचलं: मग, म्हणजे यानंतरचं.
दोन दिवस यानंतरचं शोधत बसले.
कानडीत मग म्हणजे मुलगा,
एका गाडीच्या पोटातली एकेक खेप.

आणि त्याच्याखाली, इंग्रजी अक्षरांत, कानडी ताकीद:
इदन्न मुट्टब्याड.
याला हात लावू नको.

शेजारच्या शांतव्वाकडून आलेलं भांडं
आई कधी रिकामं परत धाडत नसे.
काही नसलं तर चिमूटभर साखर.
इथं उलटं.
त्यांच्या घरची मेमरी वापरली, तर
त्यांच्याच दारात, रिकामी, आणि एकदाच परत.
माझ्या पायथनकडं उष्टी काढणारी बाई आहे,
न सांगता येते, न सांगता जाते.
होसमनींकडं नाही. आपलं ताट आपण घासायचं.
विसरलं तर तिसऱ्या दिवशी काटा गुदमरतो,
दोनदा घासलं तर जागच्या जागी मरतो.

एवढं सगळं सांभाळलं.

गुरुवारी हुसेनसाब नदाफची गाडी आली, भंगार भरून.
स्लिपवर वजन
उणे बत्तीस हजार सातशे छत्तीस.
हुसेनसाबनं स्लिप उजेडात धरली,
'अक्का, माल मी तुम्हाला दिला का तुम्ही मला?'

होसमनींना फोन लावला, गोकाकला.
मी कानडीत विचारत होते, ते मराठीत सांगत होते,
दोघांचंही मोडकं, आकडे तेवढे इंग्रजी.
पलीकडं कुकरच्या शिट्ट्या.
'माजी पेटी लांब हाय,' ते म्हणाले,
'तुमी आखूड मागितली काय?'

मागितली होती.
त्यांची ओळ बरोबर, माझी ओळ बरोबर,
चूक त्या मधल्या एका ओळीत
जिथं मी त्यांच्या वतीनं लिहिलं होतं
की ते काय देतात.
विचारलं नव्हतं.
बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंत
कुणाला कळलंही नसतं.
हलक्या गाड्यांना सगळंच पटतं.

एक शब्द बदलला.
बत्तीस हजार आठशे.
हुसेनसाबनं न वाचताच घडी करून
स्लिप टोपीत खोचली, वर आरशात बघून टोपी नीट केली.

फोन ठेवताना होसमनींनी विचारलं होतं,
'ती ताकीद हाय का अजून, मुट्टब्याडची?'
आहे, म्हटलं.
'काढून टाका की. ते मी मलाच लिवलं होतं.'

काढली नाही अजून.
शनिवारी काढीन म्हणते.