टोप्या आल्या?

कॅम्पातल्या आमच्या दुकानात पाटी आहे:
'परवाना दाखवल्याशिवाय भाव विचारू नये.'
अक्षर माझंच. एकतीस वर्षांत दोनदा रंगवलं.

मंगळवारी भर दुपारी इंदुमतीबाई नलावडे आल्या,
मागे रिक्षावाला, त्याच्या डोक्यावर लोखंडी ट्रंक.
म्हणाल्या, "ह्यांचं आहे. काय येईल ते सांगा."

ट्रंकेत दांड्याचा एक दाब, हिरवा, तेल पाजलेला.
साच्यांची डबी. पितळी नरसाळं.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात रिकामी काडतुसं,
तोंडं पुसून, पंगतीला बसवल्यासारखी.
काचेच्या पेटीत तराजू, इवलासा.
आणि तळाशी पोस्टकार्डांचा गठ्ठा.

सुभेदार मला आठवतात.
महिन्याच्या पहिल्या शनिवारी यायचे,
सायकल थेट दुकानात घ्यायचे,
विचारायचे, "टोप्या आल्या?"
"नाही."
"बरं, दारू?"
"सुभेदार, ती पलीकडच्या गल्लीत."
हा विनोद आम्ही वीस वर्षं केला.
दर वेळी दोघांनाही हसू आलं.
टोप्या काही आल्या नाहीत.

खडकीच्या कारखान्याचा भोंगा त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा.
भिंतीच्या त्या बाजूला काडतुसं लाखांनी भरली जायची
आणि ह्या बाजूला एक माणूस
शंभर टोप्यांसाठी अर्ज लिहायचा, तीन प्रतींत,
खाली 'आपला विश्वासू'.

भाचा शिरीष ओहायोत. तो फोनवर भाव सांगायचा,
हे उतरवून घ्यायचे. मी कार्डं वाचली.
'ओहायो: हजार टोप्या, तीस डॉलर.'
पुढच्यावर ऐंशी.
त्याच्या पुढच्यावर: 'फळ्या रिकाम्या. लोक पहाटे थर्मास घेऊन रांगेत.
शिरीषने पाचशे जपून ठेवल्यात, बायकोला सांगितलेलं नाही.'
'जर्मनी: आधी वर्ग, मग परीक्षा, मग दारू.'
खाली बारीक अक्षरात: 'हे बरोबर आहे.'
'न्यूझीलंड: परवाना दाखवा, घेऊन जा.
मेंढ्यांच्या औषधाशेजारीच ठेवतात म्हणे.'
प्रत्येक कार्डाच्या शेवटी 'पुणे:'
आणि पुढे कोरं.
अकरा कार्डं, अकरा वेळा कोरं.

"मग काय म्हणता?" बाई म्हणाल्या.
मी रजिस्टर उघडलं, नुसतंच, हाताला काम म्हणून.
बंदूक, काडतूस, छर्रे, सगळ्यांना रकाने आहेत.
ह्याला नाही.
पितळ मोडीत जाईल, म्हणालो, किलोवर.
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी पेनाचं टोपण लावलं.

तेवढ्यात मृण्मयी, छर्र्यांचा डबा न्यायला आलेली,
बालेवाडीला नेमबाजी शिकते, अकरावीत आहे,
तिने दाबाचा दांडा सहज खाली ओढला.
खट्.
लोण्यासारखा उतरला दांडा. मला नवल वाटलं,
वापरच नसलेली वस्तू इतकी सैल कशी?

बाई म्हणाल्या,
"रात्री जेवणं झाली की हाच आवाज.
रिकामाच ओढायचे. शंभर वेळा मोजून.
मी म्हणायचे, अहो, आत काही नाहीये.
तर म्हणायचे, हाताला कुठं माहितेय?"

मृण्मयीने दांडा वर सोडला, हळूच,
झोपलेल्याच्या अंगावरचा हात काढतात तसा.

मग बाईंनी तराजूची पेटी पिशवीत घातली.
"हा नाही देत. रविवार पेठेत नथी ओवून देते मी,
मोती ह्याच्यावरच तोलते. सत्तावीस वर्षं.
ह्यांच्या दारूचा एक कण बघितला नाही ह्याने."
गुंजेच्या हिशेबात तो अजून बिनचूक आहे, म्हणाल्या,
फक्त पंखा बंद लागतो.

ट्रंक इथेच ठेवली. पावती फाडली:
'एक ट्रंक, सामानासह.' रक्कम:
तिथे मी रेघ मारणार होतो,
मारली नाही.

दारात रिक्षावाल्याने थांबण्याचे चाळीस मागितले.
मुकाट्याने काढून दिले त्यांनी.
सबंध दुपारभरात
तेवढाच एक भाव
कुणी ठामपणे सांगितला.