डावरं पातं

दस्तगीरमामानं चष्मा कपाळावर सरकवला.
नीट बघायचं असलं की तो चष्म्याशिवाय बघतो.

खानापुरात, मलप्रभेच्या पुलाकडं उतरताना त्याचं दुकान.
सायकलच्या चेनवर फिरणारं एक चाक,
पाणी धरलेली डालड्याची डबी,
भिंतीला टेकलेले कोयते, विळे, एक लग्नातला जंबिया.
पाटी दोन भाषांत. दोन्हींवर डांबर,
वेगवेगळ्या सालचं.

मी वर्तमानपत्र सोडलं.
इलोइलोत सहा वर्षं डॉक्टरकी शिकले,
निघताना घरमालकीण, मानांग लुर्देस, म्हणाली,
बापाचं आहे, घरात आता धरणारं कुणी नाही, तू ने.
पांढऱ्या कोटाखाली, मोठ्या बॅगेत आलं.
विमानतळावर विचारलं, काय आहे?
शेतीचं अवजार, म्हटलं.
अर्ध खरं होतं.

मामानं आधी मूठ चाचपली.
म्हशीचं शिंग. टोकाला कोरलेला चेहरा,
वासलेलं तोंड, आणि नाक, हे एवढं लांब.
"हा गडी तिथला न्हवं."
तिकडं पूर्वी राक्षसाचं तोंड कोरायचे, मी सांगितलं,
मग स्पेनचे लोक आले, तीनशे वर्षं बसले.
कुणी म्हणतं, तेव्हापासून राक्षसाला नाक फुटलं.
मामा खोकल्यासारखं हसला.
"नंदगडच्या एका घरची फिरंग घासलीय मी.
पातं गलबतातनं आलेलं, मूठ आपल्या लोहाराची.
हे उलटंच की. पातं घरचं,
अन् मुठीवर पाव्हणा."

(साबणाला ते सबोन म्हणतात, खमिसाला कमिसा.
पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं,
चोर्ला घाट उतरून आलेय फक्त.)

नखानं टिचकी मारून पातं त्यानं कानाशी धरलं.
मग मुठीपासून चार बोटांवर अंगठा थांबला:
बुजवलेलं एक भोक.
"कमानपाटा! गाडीचा."
जीपचा असेल, मी म्हटलं. लढाईनंतर अमेरिकेचं लष्कर
जीपगाड्या तिथंच टाकून गेलं.
"मग माझ्या कोयत्यांत काय वेगळं हाय?
हा हुबळीकडच्या मोडक्या बसचा, तो कोल्हापूरकडच्या एसटीचा.
दंग्यात दोन्हीकडच्या काचा फुटतात,
गाड्या आठ-आठ दिस हद्दीवर थांबतात.
भट्टीत घातल्यावर मला तरी
कुठली कुठली ते कळत न्हाई."

चाक फिरवायला पाय उचलला आणि तसाच ठेवला.
पातं उलटं केलं. पुन्हा सुलटं.
एक बाजू सपाट, पाटीसारखी.
उतार सगळा दुसऱ्या बाजूला, डाव्या.
"पोरी, ह्यो माणूस डावरा होता."

मला नव्हतं माहीत.
तिथं अडीच तास पुढची वेळ, मानांग जेवायला बसली असणार.
तरी मेसेज टाकला.
मामानं तोवर दोन विळे उरकले.
उत्तर आलं तुकड्यातुकड्यांत:
कुणी सांगितलं तुला?
टाटाय सही उजव्या हातानं करायचे, जेवायचे उजव्यानं,
शाळेत मास्तरनं डावा हात बाकाला बांधून ठेवला होता
दोन वर्षं.
मग बराच वेळ काही नाही.
मग: फक्त उसाच्या फडात.

मी वाचून दाखवलं, मराठीत.
मामानं स्टूल उचललं,
चाकाच्या पलीकडं नेऊन ठेवलं,
आणि अवघडून, डाव्या हातानं,
धार लावायला घेतली.
तीनदा दगडावरनं घसरलं. एकदा शिवी दिली,
पात्याला की मास्तरला, कळलं नाही.
तीस रुपये घेतले. कोयत्याचे वीस घेतो.

घरी आई फणस घेऊन बसलीच होती.
"दे बघू तुझं ते परदेशी."
उजव्या हातानं घाव घातला.
पातं आत शिरलं आणि वळलं,
आपल्या मनानं, एका अंगाला.
फणस तिरका फाटला, चीक पदरावर उडाला.
"कसलं वाकडं गं हे!"
ती तेलाला बोट लावून हात चोळत राहिली.
मी सांगणार होते. मग म्हटलं, राहू दे,
गरे तर निघाले.